दाबलं तितकं मोठं

मंचरजवळच्या एका शेडमध्ये मी कुलपाचे बारके भाग बनवायचं मशीन चालवायचो. लोखंडाची बारीक भुकटी मेणात मळायची, मशीननं साच्यात दाबून भरायची, मग मेण काढून तुकडा भट्टीत ठेवायचा. भट्टीत तो आटतो, म्हणून साचा मुद्दाम मोठा ठेवतात. एवढंच मला ठाऊक, आणि एवढ्यावर माझं लग्न अडलेलं. बोरीच्या मुलीच्या वडलांनी तोंडावर सांगितलं, "पावणं, पर्मनंट व्हा, मग बोलू. दिवाळीपतुर थांबतो." मुलगी मला लई आवडली होती. शेठ म्हणाले, दसऱ्यानंतरचा माल पास झाला की तू पर्मनंट.

खंडेनवमीला शेठ दरसाल स्वतःच्या हातानं मशीन पुसायचे, हळदकुंकू लावायचे. त्या दिवशी आम्ही कुणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत.

दसऱ्यानंतर मशीन चालू केलं. कच्चे तुकडे मापात नेहमीसारखेच. भट्टीतनं निघाले ते मात्र मोठे, कुलपात बसेनात. साचा तोच, भुकटी तीच, भट्टी तीच. ही काय भानगड राव? मी म्हटलं, मोठे निघतात तर जरा जोरात दाबू. प्रेशर वाढवलं, तर पुढचे आणखी मोठे. डोकंच चालेना. वैतागून नॉब उलटा फिरवायला वाकलो, तर त्याच्या कडेला कुंकवाचं बोट उमटलेलं. पुसता पुसता शेठनीच तो फिरवला होता. प्रेशर कमी केलं आणि माल बरोबर निघाला. कुंकवाचं मी कुठं बोललो नाही. शेठला सांगणार कोण?

"अरे, कांद्याची गोणी ठासून भरली तर नंतर खाली बसती का?" शेठ मला समजावत होते. बसत नाही, खरंय. पण दाबलेली वस्तू लहान व्हायची सोडून मोठी निघते, हे माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. आजही धड शिरलेलं नाही.

एकेक भट्टी निवायला वेळ जायचा, मग माल पुण्याला तपासायला जायचा. यातच दिवाळी होऊन गेली. पर्मनंटचा कागद हातात पडला तसा मी थेट बोरी गाठली.

"थांबलो व्हतो की, भाऊ," मुलीचे वडील म्हणाले. "परवाच सुपारी फुटली."

चहा तिनंच आणून दिला. तो पिऊन मी निघालो. वाटेत डोळे भरून येत होते आणि रागही येत होता, पण तो शेठवर काढावा, मशीनवर का देवावर, तेच मला कळंना.