राक्षस बरोबर, गाव चुकलं

"आधी पाणी, मंग काम."

हे वाक्य काका तोंडाने म्हणायच्या आधी हाताने म्हणत. माणूस दारात दिसला की त्यांचा उजवा हात तांब्याकडे जायचा आणि डावा हात खुर्ची पुढे ओढायचा. कुरियरवाला असो, मीटर वाचायला आलेला असो, नाहीतर चुकीच्या घरात शिरलेला पाहुणा असो. अशाच एका चुकून आलेल्या पाहुण्याला त्यांनी पाणी दिलं, मग चहा दिला, मग पोहे खाऊ घातले आणि तो निघाल्यावर फाटकापाशी विचारलं, "बरं, तुमाले कोणाकडे जाचं होतं?"

नंदनवन वस्तीत आमच्या समोरच्या घरात ते राहायचे. सगळी नोकरी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात झाली होती. ट्रक आला की मालक माल उतरवायची घाई करत ओरडायचे, ड्रायव्हर घामाने निथळत खाली उतरायचा आणि काका दोघांच्या मध्ये तांब्या घेऊन उभे राहायचे. निवृत्त झाल्यावर ड्रायव्हर यायचे थांबले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या फाटकाबाहेर लोखंडी घडवंचीवर माठ मांडला. त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि ओगराळं साखळीने बांधलं.

"साखळी काहून? कोण चोरते ओगराळं?" काकूंनी विचारलं.

"चोरत नाही कोणी. पाणी पिता पिता विचारात पडते माणूस, अन् हातात घेऊन चालला जाते."

एवढं वाचून तुम्हाला काका शांत स्वभावाचे वाटले असतील, तर थांबा. त्यांना पित्त होतं. पित्त उसळलं की राग यायचा, की राग आला की पित्त उसळायचं, याचा उलगडा काकूंनाही अजून झालेला नाही. छाती चोळत, मांडीवर थाप मारत ते गर्जायचे, "काही खरं नाही बाप्पा!" मग ओव्याची डबी उघडायची, चिमूटभर ओवा तोंडात जायचा, एक दणदणीत ढेकर निघायचा आणि गल्ली पुन्हा शांत व्हायची. आमच्या घरात त्या ढेकरावर दुपारच्या चहाची वेळ ठरलेली होती.

माझं काम थोडं विचित्र आहे. मी व्हिडिओ गेम खेळते आणि तो कसा आहे हे माझ्या चॅनलवर मराठीतून सांगते. नातेवाइकांत याला अजून "सध्या घरीच असते" असं म्हणतात. एका मे महिन्यातल्या दुपारी काका जिना चढून वर माझ्या खोलीत आले. आईने दिलेलं पाणी प्यायले, कूलरच्या तोंडाशी बसले आणि म्हणाले, "पोरी, तू दिवसभर हे टुंग टुंग काय करून राहते?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मले शिकव."

मला वाटलं, ऊन लागलंय.

ऊन लागलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, चष्मा पुसून बसले आणि रिमोट हातात घेतला. (गेमच्या कंट्रोलरला ते कायम रिमोटच म्हणत. मीही नाद सोडला.) पडद्यावरच्या नायकाने उडी मारली की काका खुर्चीतून उठायचे. लांब उडी असेल तर श्वास धरून पुरते उभे राहायचे. एकदा ते असे उभे राहिले असताना कॉम्प्युटरपुढची माझी चाकांची खुर्ची मागे सरकली. नायक दरीत आणि काका फरशीवर एकाच वेळी पोहोचले. मी धावले. काका खालूनच पडद्याकडे मान वाकडी करत म्हणाले, "त्याले लागलं का?"

वाटेत भेटलेल्या भुताखेतांना ते मारायचे नाहीत. "त्यानं काय केलं आपल्याले? जाऊ दे ना." मग ते भूत चावायचं. "आता केलं!" म्हणत काका त्याला असा धुवायचे की मलाच दया यायची.

आणि प्रत्येक गेममध्ये गाव लागलं की ते पहिल्या घरासमोर थांबायचे. नुसतेच थांबायचे. घरातली म्हातारी इंग्रजीत म्हणायची की जंगलात जपून जा. मी मराठीत सांगायची.

"पाणी नाही विचारलं?"

"काका, गेम आहे हा."

"मंग? येवढा डोंगर उतरून आला तो. तलवार देऊन राहिले, नकाशा देऊन राहिले, अन् पाणी नाही? कायचं गाव आहे हे!"

मी गंमत म्हणून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून माझ्या परीक्षणाच्या शेवटी जोडलं. लोकांना ते इतकं आवडलं की माझं पाऊण तासाचं विवेचन ओलांडून मंडळी थेट काकांवर जाऊ लागली. मी चित्रं, संगीत, कथा यांच्यावर घसा कोरडा करायची आणि खाली प्रश्न एकच यायचा, "काकांना विचारा, पाणी विचारलं का?" मला राग यायचा. पण खरं सांगते, पुढे नवा गेम उघडला की मीसुद्धा पहिल्या घरासमोर थांबायला लागले.

हा माणूस या वयात उड्या मारायला का शिकतोय, हे मला काकूंनी सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी मोनू. इंजिनीअर झाली, मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा काकांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली होती. ती बर्फी मीही खाल्ली होती. मग एक दिवस तिने नोकरी सोडली. पुण्याला मैत्रिणींबरोबर गेम बनवणार म्हणाली, लोकांना हसवणारे गेम. काकांचं पित्त उसळलं. "खेळ करणाऱ्याले कोण विचारते?" असं आणि बरंच काही ते बोलले. तिने बॅग उचलली. ती दाराशी गेली तेव्हा काकांचा हात सवयीने तांब्याकडे गेलाच. त्यांनी पेला पुढे केला.

मोनू पाणी न घेता निघून गेली.

तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलायचे, पण काकूंमार्फत. फोन स्पीकरवर असायचा. काका म्हणायचे, "तुया पोरीले विचार, जेवली का." ते मोनूला तिकडे स्वच्छ ऐकू जायचं, पण काकूंनी पुन्हा विचारल्याशिवाय ती उत्तर द्यायची नाही. मग ती म्हणायची, "बाबांना सांग, जेवले." काकू शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळून म्हणायच्या, "जेवली म्हणते." "ऐकू आलं मले," काका म्हणायचे. काकूंची तव्यावरची पोळी रोज या दुभाषेपणात करपायची.

"तिचं काम काय असते ते पाहून राहिले ते तुयाकडे," काकू मला म्हणाल्या. "तिले सांगू नको, अन् त्यायले मी सांगितलं हे सांगू नको." मी दोन्ही कबूल केलं आणि घरी येऊन आईला सांगितलं.

मग मोनूचा गेम आला.

तो परीक्षणासाठी माझ्याकडे येणारच होता, आणि काका ते करणार हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं. नायक म्हणजे राजवाड्यातला एक भित्रा आचारी. हातात तलवारीऐवजी झारा. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत, चिडक्या वांग्यांना चुकवत, हळूहळू ताकद आणि अक्कल कमवत त्याने डोंगरावरच्या राक्षसापर्यंत पोहोचायचं, कारण राक्षसाच्या ओरडण्याने खालच्या गावात कोणाला झोप लागत नाही. सगळे संवाद मराठीत. काका इतके हसले की एका वांग्याने त्यांना सलग खाल्लं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दरीवरच्या तिसऱ्या पुलावरून मात्र ते इतक्यांदा पडले की हसू आटलं.

गाव लागलं. काका पहिल्या घरासमोर थांबले. दुसऱ्या, तिसऱ्या घरासमोर थांबले. गावकऱ्यांनी विनोद केले, कोडी घातली, झाऱ्याला धार लावून दिली. पाणी कोणी विचारलं नाही. काका पुढे निघाले.

डोंगरावर राक्षस बसलेला होता. एका हाताने छाती चोळत होता. आचारी दिसताच त्याने मांडीवर थाप मारली आणि गर्जला, "काही खरं नाही बाप्पा!"

मी पडद्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. काकांकडे बघायची माझी छाती होत नव्हती. त्यांच्या हातातला रिमोट मांडीवर पडला होता. राक्षसाच्या तोंडातल्या जाळात आचारी उभ्या उभ्या भाजून निघाला.

"हा तर मीच आहो," काका म्हणाले.

"काका, बंद करू का?"

"काहून? चालू दे."

झाऱ्याच्या फटक्यांनी राक्षसाला काही होत नव्हतं. बऱ्याच वेळाने काकांना कोपऱ्यातली डबी दिसली. त्यांनी ती उघडली. आत ओवा होता. आचाऱ्याने उडी मारून चिमूटभर ओवा राक्षसाच्या तोंडात टाकला. काकाही अर्थात खुर्चीतून उठले. राक्षसाने असा ढेकर दिला की डोंगर हलला. "आता बरं वाटलं," असं म्हणून तो कुशीवर वळून झोपला. खाली गावातले दिवे मालवले. गेम संपला.

काका हसत होते आणि चष्म्याखालून डोळे पुसत होते. "मारून नाही टाकलं मले," ते म्हणाले. "ओवा देल्ला."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. मी त्यांना विनवलं. "काका, या वेळी पाण्याचं राहू द्या. तिचा पहिला गेम आहे. आधीच तुम्ही बोलत नाही, त्यात हे."

"पहिला आहे म्हणून खोटं सांगू? मंग तिनं मेहनत कायले केली?"

ते माइकसमोर बसले. घसा खाकरला. जे बोलले ते मी एकही शब्द न कापता ठेवलं.

"खेळ चांगला आहे. हसू येते. पूल अरुंद आहे, म्हाताऱ्या माणसाले तरास होते. राक्षस बरोबर काढला. जसा आहे तसाच काढला, त्याच्यात काही खोट नाही. पण गाव चुकलं. येवढ्या दुरून तो पोरगा आला, अन् एकाही घरातून कोणी पाणी नाही विचारलं. ज्यानं हा खेळ केला, त्याच्या घरी असं नाही होत. मले माहीत आहे."

गेम करणारी माणसं आपल्या गेमबद्दल कुठेही चार शब्द निघाले तरी ऐकतात, हे मला ठाऊक होतं. काकांनाही मी ते सांगून ठेवलं होतं. पुढचे काही दिवस ते फोन खिशात घालून माझ्याकडे येत आणि एकही उडी नीट मारत नसत. मोनूचा काकूंना रोज येणारा फोनही बंद होता. मला धडकी भरली. आपण त्या दोघांमधला उरलासुरला पूलसुद्धा पाडला, असं मला वाटायला लागलं.

मग एका सकाळी माझ्याच खोलीत त्यांचा फोन वाजला. त्यांच्या स्वतःच्या खिशातला. स्पीकरशिवाय बोलता येतं हे त्यांना माहीत नसल्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाबा."

काकांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं. ते काकूंना शोधत होते.

"बाबा, खरंच पुलावरून पडले तुम्ही?"

"लय वेळा पडलो. काहून येवढा अरुंद केला वं तो?"

"मजा यावी म्हणून."

"पडाची कायची मजा?"

ती हसली. मग "त्या दिवशीचं पाणी राहिलं, बाबा," ती म्हणाली.

"मंग ये ना. माठ काय कोणी उचलून नाही नेला."

मी खोलीबाहेर जायला हवं होतं. नाही गेले. रडू येत होतं आणि ते जिन्यात आईला दिसलं असतं.

मोनू आली. फाटकाबाहेरच तिने ओगराळं उचललं आणि गटागटा पाणी प्याली, साखळी पुरेना म्हणून वाकून. काका व्हरांड्यात पेला घेऊन उभे होते, तोही तिने रिकामा केला. काकूंना त्या दिवशी एकही निरोप पोहोचवावा लागला नाही, तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

महिन्याभराने गेममध्ये बदल आला. पूल रुंद झाला होता. आणि गावाच्या तोंडाशी एक नवी झोपडी आली होती. तिच्या दारातला म्हातारा आचाऱ्याला म्हणायचा, "आधी पाणी, मंग राक्षस." तुम्ही नको म्हटलं तर तो वाट अडवून उभा राहायचा. काहीही करा, पाणी प्यायल्याशिवाय गेम पुढे सरकत नसे. लोकांनी तक्रारी केल्या. मोनूने दाद दिली नाही. काका तर ती झोपडी सोडून पुढे जायचेच नाहीत. आत जायचे, पाणी प्यायचे, बाहेर यायचे, पुन्हा आत.

गेल्या हिवाळ्यात मोनू दोघांनाही पुण्याला घेऊन गेली. "चार दिवस राहून येतो," काका मला म्हणाले होते. ते चार दिवस अजून चालू आहेत. फोनवर सांगतात की तिथे वरच्या मजल्यावर राहतात, दारात कोणी चुकून येत नाही, आणि काही खरं नाही. पण आवाजावरून पित्त कमी झालेलं वाटतं. माझ्या चाकांच्या खुर्चीला आता कोणी मागे ढकलत नाही. मी परीक्षणं करते, आणि लोक शेवटी अजूनही तोच प्रश्न विचारतात.

परवा मोनूच्या गेममध्ये आणखी एक बदल आला म्हणून मी तो उघडला. गावाच्या तोंडाशी गेले. झोपडीला कुलूप होतं. बाहेर घडवंचीवर माठ होता, फडकं ओलं होतं, ओगराळं साखळीला होतं. शेजारी पाटी लावलेली होती, "पोरीकडे गेलो आहो. माठ भरून ठेवला आहे. पाणी पिऊन जाजा."

मी खिडकीतून समोर पाहिलं. काकांच्या फाटकालाही कुलूप होतं. घडवंचीवरचा माठ पालथा होता आणि त्यावर धूळ बसली होती. रोज याच खिडकीत बसूनही मला तो दिसला नव्हता.

मी बादली घेऊन खाली गेले. माठ घासला, भरला, फडकं भिजवून गुंडाळलं. साखळी गंजली होती, पण धरून होती. एवढ्यात पाठीवर भलंमोठं पार्सल घेतलेला एक घामाघूम माणूस गाडीवरून उतरला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून पत्ता विचारायला लागला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच माझा हात ओगराळ्याकडे गेला होता.