फोल्डर झाडायची पाळी

एखादी गोष्ट ऑनलाइन फोल्डरात चढली नाही तर ती घडलीच नाही, असे छातीठोकपणे मानणारी व्यक्ती अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती. आम्ही आठ कुटुंबांनी मिळून कुडव्याला एक प्लॉट घेतला, त्यावर आठ लहान घरे बांधली आणि मधोमध एक सामायिक स्वयंपाकघर काढले. रात्रीचे जेवण तिथे, सगळ्यांचे एकत्र, पाळीपाळीने रांधलेले. शेजारच्या या बाई आमगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. तिथले घर विकून इकडे आलेल्या. "बाबू, हे मोडलं तर मले रायपूरले पोरीच्या दारात जा लागते," असे त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. मोडू नये म्हणून त्यांनी जो उपाय काढला, तो म्हणजे हा फोल्डर.

नोंदी ठेवणारे पुष्कळ असतात, पण बाईंची तऱ्हाच न्यारी. त्यांच्या फायलींची नावे म्हणजे अख्खी वाक्ये. 'मोटर जळली तेव्हाची पावती, चूक कोणाचीच नाही' हे एका फायलीचे नाव. बाकीच्या कागदांचे त्यांनी तीन भाग केले होते: 'सगळ्यांनी वाचावे असे', 'नाही वाचले तरी चालेल असे' आणि 'वाचून भांडू नये असे'. यातला तिसरा भाग सगळ्यात जास्त उघडला जाई, हे सांगायला नकोच. सभेचे टिपण तर त्या असे लिहीत की सभेला गैरहजर राहणाऱ्याला जास्त मजा यावी. 'भाजीत तेल फार असते असा मुद्दा निघाला. त्यानंतर सर्वजण थोडा वेळ गप्प बसले. मग चहा आला.' फोल्डरचा पासवर्ड त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला होता. मी हरकत घेतली तर माझ्यावरच उखडल्या, "आपल्याच घरात कुलूप कायले पाहिजे?" परिणामी दूधवाल्यानेही एकदा आपल्या सुट्टीचा अर्ज त्यात चढवला. बाईंनी त्यातले शुद्धलेखन तेवढे सुधारले.

पण बाईंची खरी कमाल म्हणजे पाळी. अंगण झाडायची आठ घरांची पाळी होतीच. बाईंनी तशीच फोल्डर झाडायची पाळी लावली. दुबार चढलेल्या फायली काढायच्या, नावे नीट करायची, एवढेच काम. दिवाळीच्या तोंडावर ही पाळी समोरच्या काकांवर आली. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, अर्धवट काम म्हणजे पाप मानणारे. घरोघरी साफसफाई चाललेली पाहून त्यांनाही चेव आला. संध्याकाळी जेवायला आले ते छाती काढून. "बाई, मैंने तो पूरा साफ कर दिया! एक कागद बाकी नाही ठेवला."

मी चाचरत विचारले, "काका, फोल्डरच्या कचरापेटीत तरी असेल ना?"

"कचरा घरात ठेवून राहते का कोणी? वो भी फेंक दिया."

खरेदीखत आणि मूळ कागद बँकेत होते म्हणून निभावले. पण सभांची सगळी टिपणे, पाळ्या, झालेली आणि मिटलेली भांडणे, सगळे साफ. काय झाले ते काकांच्या ध्यानात आले तेव्हा ते ताटावरून उठले, ते दुसऱ्या दिवशी जेवायला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू ताट घरी घेऊन गेल्या. काका घर विकून भावाकडे जातो म्हणत होते. मग आणखी दोन घरांतूनही 'आपापली चूल बरी' अशी कुजबुज ऐकू येऊ लागली. बाईंचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी त्या लॅपटॉप काखेत मारून काकांच्या दारात उभ्या राहिल्या. मला वाटले, आता शाळा भरणार.

"काऊन जेवाले येऊन नाही राहिले तुम्ही?"

"कोणत्या तोंडानं येऊ, बाई?"

"आजपासून फोल्डर तुमच्या हवाली. पुसाची भीती आता तुमच्यायेवढी दुसऱ्या कोणाले आहे? चाला, भाजी थंडी होऊन राहिली."

काका आले. ती दिवाळी आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघरात बसून, आठवून आठवून, भांडून भांडून टिपणे पुन्हा लिहिण्यात घालवली. जुनी भांडणे नव्याने करताना इतके हसू आले की मुळात ती केली कशाला, हेच कोणाला आठवेना. घर विकायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. काका मात्र तेव्हापासून एक अक्षरही पुसू देत नाहीत. एकाच किराणा यादीच्या तीन प्रती आहेत, आणि तिन्हींवर त्यांचा पहारा आहे.

आठही घरे टिकली. बाईंचे गुडघे तेवढे टिकले नाहीत. दोन वर्षांपूर्वी लेक येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली, आणि काहीच मोडले नसताना त्यांच्याच दाराला कुलूप लागले. मला ते अजून सहन होत नाही.

टिपण लिहायचे काम आता माझ्याकडे आहे. जेवणे आटोपली की मी फाइल उघडतो. दोन ओळी होतात न होतात तोच पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक लहानसे वर्तुळ उगवते, त्यात बाईंच्या नावाचे पहिले अक्षर. तिकडे त्यांनीही फाइल उघडलेली असते. त्या काही लिहीत नाहीत, नुसत्या वाचत बसतात. माझे लिहून होते, तरी मी फाइल बंद करत नाही. आधी त्यांना उठू देतो.