कुंपणापाशीचा नाताळ

प्रेमराजनाना ऑगस्टमध्ये गेले. मी तेव्हा शिंदखेड्याला होते, कानबाईच्या सणाला, रोटांसाठी घरी गेले होते. फोन शेजारच्या यशोदाबाईंचा होता. "ममता, नाना आज उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या.

आता डिसेंबर आहे. भुसावळच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी अजून भाड्याने राहते. खाली कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. नानांची नाताळची, बांबूच्या कामट्यांची चांदणी मी काल माळ्यावरून काढली. मी मराठी घेऊन एम. ए. केलं. माणूस गेल्यावर काय लिहितात ते पुष्कळ वाचलंय. त्यातलं काहीच सुचत नाही. म्हणून जे पाहिलं ते लिहिते.

नाना मालगाडीचे गार्ड होते. मूळचे आमच्याच शिंदखेडा तालुक्यातले. भुसावळच्या ख्रिस्ती मंडळीत ते शुद्ध मराठी बोलत, प्रार्थनाही तशीच करत. माझ्याशी मात्र अहिराणी. "तू उनी नि मन्ही जीभ सुटनी," तू आलीस नि माझी जीभ सुटली, असं म्हणत. त्यांचं बोलणं इथे मी बहुतेक मराठीतच लिहिलंय.

गार्डला हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात. नानांना त्याचं हसू येई. "शेवटच्या डब्यात एकटा बसलेला माणूस. तो मॅनेज कोणाला करणार, कबुतरांना?"

मालगाडीला मान नसतो, असं ते सांगत. प्रवासी गाडी आली की तिने बाजूला उभं राहायचं. कधी तासभर, कधी अख्खी दुपार. चहू बाजूंनी केळी नाहीतर कपाशी, आणि मध्ये गार्डच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एक माणूस. अशा उभ्या गाडीत त्यांचे बहुतेक नाताळ गेले.

खरं तर ठरलेलं वेगळं होतं. दिवाळीला नाना हिंदू सोबत्यांच्या ड्यूट्या करत. बदल्यात नाताळची सुट्टी त्यांची. पण डिसेंबर आला की कोणाच्या घरी हळद असायची, कोणाची आई दवाखान्यात असायची. नाना गार्डची काळी पेटी उचलून निघायचे. घरी बायको मंजुळाबाई आणि एकुलती एक मुलगी मेघा.

"मला वाटायचं, सण घरात आपोआप होतो," ते एकदा म्हणाले. "नळाला पाणी येतं तसा."

मंजुळाबाई गेल्या तेव्हा मी नुकतीच इथे राहायला आले होते. त्या वर्षी नाताळला मेघाताई सुरतहून आल्या. नानांनी बेकरीतून केक आणला होता, फरसाण आणलं होतं. दोघं समोरासमोर बसली. मी चहा घेऊन गेले तर केक तसाच होता.

"मेघा, तुला सणासारखं वाटत नाहीये," नाना म्हणाले.

"तसं नाही बाबा. तुम्ही घरी असलेला नाताळ मला माहीतच नाही. काय करायचं असतं तेच कळत नाही."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. तेच नानांना लागलं. राग असता तर त्यांनी माफी मागितली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. "तुमच्याकडे कानबाईला बठ्ठा, झाडून सगळे, घरी येतात. कसे येतात?"

मी सांगितलं. रोटांसाठी गहू मोजतात ते घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, सव्वा सव्वा मूठ. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. आमचे एक काका वापीला असतात. वर्षभर फोन करत नाहीत. रोटाला हजर.

"म्हणजे तो नाही आला तर त्याच्या वाटणीचं उरतं?"

"हो."

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "आपल्यालाही असंच काहीतरी पाहिजे. माणसावाचून अडलं पाहिजे."

त्या दिवसापासून नाना नाताळची नवी रीत शोधायला लागले. मेघाने दरवर्षी यावं, आणि यावंसं वाटून यावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी जे जे केलं ते मी वरच्या जिन्यातून पाहत होते.

पहिली रीत भरताची. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा महिना. नानांनी ठरवलं, नाताळच्या दुपारी अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, माणशी एक, नाव घेऊन. ओळीने वांगी मांडली. "हे मेघाचं. हे जावईबापूंचं. हे रुपाचं, लहानसं घेतलंय." रुपा म्हणजे नात. सुरतेत तेव्हा पहिलीत होती.

सकाळी मेघाताईंचा फोन आला. रुपाला ताप होता.

नानांनी तरी सगळी वांगी भाजली. बडगीच्या लाकडी उखळीत मिरच्या ठेचल्या, कांद्याची पात चिरली. आम्ही दोघांनी आपापलं खाल्लं. बाकीची तिघांच्या नावाची तशीच झाकून ठेवली. कोणाला देईनात. संध्याकाळी यशोदाबाईंच्या शेळीने झाकण पाडलं.

"नाना, शेळीने जावई खाल्ला हो," यशोदाबाई भिंतीवरून म्हणाल्या.

"खाऊ दे. त्याचं वांगं किडकंच होतं," नाना म्हणाले. जावयावर त्यांचा तसा राग नव्हता.

दुसऱ्या वर्षी चांदणी. चोपड्याच्या बाजारातून बांबू आणला. स्वतः कामट्या काढल्या, पाच कोनांचा सांगाडा बांधला, त्यावर पांढरा पतंगी कागद खळीने चिकटवला. चारच कोनांवर. पाचवा उघडा ठेवला.

"हा मेघाने येऊन लावायचा. तोवर चांदणी अपुरी."

मला ती कल्पना फार आवडली. महिनाभर चांदणी गच्चीच्या बांबूवर लटकत होती. आत बल्ब लागला की चार कोन उजळायचे, पाचव्यातून नुसत्या काड्या दिसायच्या. येणारा-जाणारा सांगून जाई, "नाना, चांदणी फाटली बरं." नाना प्रत्येकाला म्हणत, "फाटली नाही. बाकी आहे."

त्या वर्षीही मेघाताई आल्या नाहीत. सुरतेच्या मंडळीत रुपा नाटकात देवदूत झाली होती. पंख लावलेला फोटो आला. नानांनी तो मला तीनदा दाखवला. जानेवारी उजाडल्यावर चांदणी उतरवून त्यांनी माळ्यावर ठेवली. उघडा कोन उघडाच. मी म्हटलं, निदान आता कागद लावून ठेवू, काड्या मोडतील.

"मोडू दे," ते म्हणाले. "आपण लावायचा नाही."

गेल्या वर्षी मेघाताई आल्या, रुपाला घेऊन. पंचवीसला सकाळी. जावयांची कारखान्यात पाळी होती, म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. तेवढा एकच दिवस. नाना आदल्या दिवसापासून नुसते आत-बाहेर करत होते.

रुपा आता आठ वर्षांची. तिने गच्चीवर बसून पाचवा कोन चिकटवला. खळ केसांना लागली, फ्रॉकला लागली. कागदाला सुरकुत्या पडल्या. भर दुपारी नानांनी बल्ब लावला.

"दिसत नाहीये आजोबा."

"पेटलाय. आपल्याला माहीत आहे ना? पुरे."

भरीत झालं. नाव घेऊन वांगी भाजली. रुपाने शेळीसाठीही एक भाजायला लावलं. मेघाताई हसल्या. पण जेवण झाल्यावर त्या दाराशी उभ्या राहून रुळांच्या दिशेला बघत होत्या. त्यांचं लहानपण गेलं ती रेल्वे क्वार्टरची रांग तिथून जवळच आहे.

"बाबा, खूप छान केलंत तुम्ही सगळं," त्या म्हणाल्या. "आईची रीत वेगळी होती."

नाना हातातलं ताट घेऊन थांबले. "आईची? कोणती?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी कुठे होतो."

"चला, दाखवते."

चार वाजले असतील. आम्ही चौघं क्वार्टरच्या मागे गेलो. रूळ तिथून जळगावकडे जातात. पूर्वी तारेचं कुंपण होतं, आता सिमेंटचे खांब आहेत. मेघाताई एका ठिकाणी थांबल्या. पलीकडे एक वाळकं बाभळीचं खोड होतं.

"इथे. नाताळच्या दिवशी उपासनेहून आलो की आई करंज्यांचा डबा घ्यायची आणि आम्ही इथे यायचो. मालगाडी आली की शेवटच्या डब्याला हात करायचा. गार्डला."

"कोणत्या गार्डला?" नानांनी विचारलं.

"सगळ्यांना. मी विचारायचे, यातली बाबांची गाडी कोणती? आई म्हणायची, लांबून ओळखू येत नाही. सगळ्यांना कर. त्यातले एक तुझे बाबा असतीलच."

नानांनी कुंपणाच्या खांबावर हात ठेवला.

"मगन सांगायचा," ते हळूच म्हणाले. मगन म्हणजे त्यांचा सोबती गार्ड. "भुसावळ सोडताना कुंपणाशी एक बाई आणि पोरगी दिसतात. दर नाताळला हात करतात. मी म्हटलं, असेल कोणी वेडी."

"मला तर वाटायचं, तुम्ही बघता."

"मंजुळा मला कधी बोलली नाही."

"ती म्हणायची, गार्डने सिग्नल बघावा. घरची माणसं शोधत बसू नये."

तेवढ्यात मालगाडी आली. कोळशाचे रिकामे डबे होते. रुपा खांबावर चढली. डबे संपेचनात. शेवटचा डबा आला, पण त्यामागे ब्रेकव्हॅन नव्हती. हल्ली पुष्कळ गाड्यांना नसते. डब्याच्या पाठीला गार्डऐवजी एक यंत्राची पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा.

रुपाचा हात वरच राहिला. "आजोबा, इथे तर कोणीच नाहीये."

"पेटी आहे ना. पेटीला कर."

तिने पेटीला हात केला. मेघाताईंनीही केला. नानांनी केला नाही. ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

परत निघताना मेघाताई म्हणाल्या, "आमची गाडी इथूनच जाईल."

नाना एकदम गार्ड झाले. "डाव्या बाजूला बसा. सिग्नल मिळाला की मोजून पाच मिनिटांत इथे. वेग नसतो अजून. दारात उभी राहू नकोस, पोरगी सोबत आहे. खिडकीतून."

"तुम्ही स्टेशनवर येणार नाही?"

"नाही. मी इथे थांबतो."

मेघाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग वाकून पाया पडल्या. त्यांच्यात तसं करत नाहीत. नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मी रिक्षा आणली.

दोघी गेल्यावर आम्ही पुन्हा कुंपणापाशी आलो. ऊन गेलं होतं. थंडी पडायला लागली होती. नानांनी मफलर कानांवरून घेतला.

"ममता," ते म्हणाले, "मी नाताळला या बाजूच्या गाडीवर एकदाही नव्हतो."

मला समजलं नाही.

"माझी ड्यूटी खंडव्याकडची. त्या गाड्या स्टेशनाच्या पलीकडून निघतात. इकडे येतच नाहीत."

"मग मंजुळाबाईंना चुकीचं माहीत होतं?"

"तिला बरोबर माहीत होतं. डबा तीच भरून द्यायची. खंडव्याला जातोय, हे सांगूनच मी निघायचो."

आमच्या दोघांच्या मध्ये तो सिमेंटचा खांब होता. एक बाई दर वर्षी पोरीला नटवून, डबा घेऊन, नवरा नाही अशा गाड्यांपाशी घेऊन येते आणि सांगते, हात कर. मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात मला ही बाई भेटली नव्हती.

"पोरीला सण पाहिजे होता," नाना म्हणाले. "घरात बाप नव्हता. मंजुळाने गाड्या दिल्या."

"तुम्ही मेघाताईंना का नाही सांगितलं?"

"आज कशाला? तिची गाडी चुकली असती." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढल्या नाताळला सांगेन. आली की. काहीतरी बाकी ठेवावं लागतं."

मेघाताईंचा फोन परवा आला. पंचवीसला त्या येताहेत, रुपा आणि जावई बरोबर. घर मोकळं करायचं आहे. मी जुना कागद काढून चांदणीचे चार कोन नव्याने लावले, पाचवा ठेवलाय. नानांचं बाकी राहिलेलं मलाच सांगायचं आहे. कुंपणापाशीच सांगेन. कसं, ते अजून ठरत नाही.

पण गेल्या वर्षीच्या त्या संध्याकाळचं लिहायचं राहिलं.

दिवे लागले आणि गाडी आली. इंजिन गेलं. मग डबे, खिडक्यांमधून पिवळा उजेड. नानांनी हात वर केला आणि हलवायला लागले. पहिल्या डब्यापासून. खिडकीतली माणसं दचकून बघत होती. एका म्हाताऱ्याने उलट हात केला. एका मुलाने वेडावून दाखवलं. मधल्या एका खिडकीत मला रुपाच्या फ्रॉकची लाल बाही दिसली, मागे मेघाताईंचा चेहरा. मी ओरडले, "नाना, तो डबा." त्यांनी त्या डब्यालाही हात केला. मग पुढच्याला. मग त्याच्या पुढच्याला.

शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता. त्याने कुंपणाशी उभ्या म्हाताऱ्याकडे बघून हिरवा दिवा हलवला. नानांचा हात बराच वेळ वर होता.

"नाना," मी म्हटलं, "त्यांचा डबा तर तुम्हाला माहीत होता."

"माहीत व्हता," नाना म्हणाले. "पन बठ्ठासले करना पडस. मंजुळानी रीत शे ती."