चिकटपट्टीखालचा दिवा

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळी नणंदेबरोबर तिच्या छोट्या गाडीतून डोळे तपासायला निघाले. उतारावरच्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झाले. तपासणी राहिली.

माझ्या या धाकट्या नणंदेने चौतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. कुणी कण्हले तर ती धावायची, पण उगाच वाजणाऱ्या घंटांचा तिला मनस्वी तिटकारा. गेल्या आठवड्यात गाडीत स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला, तेव्हा तिने त्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. "दुखणं किरकोळ आहे, आपोआप बरं होईल," म्हणाली. मीही हसले.

आज वळण आले आणि स्टिअरिंग हलेना. समोर कालवा, त्याला कठडाही नाही.

"वहिनी, दगड झालाय गं याचा! धर, ओढ माझ्याकडे!"

चार हातांनी ओढले तेव्हा ते जेमतेम वळले. तिने ब्रेकवर सगळा भार टाकला. गाडी पाण्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"उतर आधी," मी म्हटले.

"पायच उचलत नाहीयेत. आणि मी जन्मभर लोकांना सांगत आले, घाबरू नका म्हणून!"

मग तिने स्वतःच पट्टी सोलली. खाली दिवा जळतच होता. तो पाहून ती रडली. मी तिला हात धरून खाली उतरवले.

गॅरेजवाल्याने गाडी ओढून नेली. संध्याकाळी मी तिचे दोन्ही खांदे शेकले. गरम पाण्याची पिशवी बुचापाशी गळते आहे; ती उद्याच बदलायची.