नातू यायच्या आदल्या दिवशी लॉनवर मारलेलं औषध

राजेंद्र नगरात आमच्या घरापुढे चार खाटा मावतील एवढं लॉन आहे. नातू पहिल्यांदाच इंदौरला येणार होता, नुकताच रांगायला लागलेला. आमच्या ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "तो आपल्या गवतावर रांगला पाहिजे!" पण गवतात मुंग्या फार, कोपऱ्यात वाळवी. मग सियागंजच्या बाजारातून औषध आणून ह्यांनी आदल्या सकाळी अख्ख्या लॉनवर पंपाने मारलं.

"संध्याकाळपर्यंत सुकून जाईल," म्हणाले.

आमची कुत्री कशाला थांबते! ओल्या गवतात मनसोक्त लोळली आणि पायरीवर बसून पंजे चाटत राहिली. थोड्या वेळाने मी चहाचे कप उचलायला बाहेर आले, तर तिच्या तोंडातून लाळेची धार लागलेली. अंग थरथरत होतं. उठायला गेली आणि कोलमडलीच.

"अहो, धावा! हिला काहीतरी होतंय!"

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "ग्लव्ज पहनकर पहले साबुन से नहलाइए, फिर फौरन लाइए," ते म्हणाले. "दवा की बॉटल साथ में!"

ह्यांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, मी पाणी ओतत राहिले. तिला टॉवेलात गुंडाळून गाडीत घेतलं. एरवी हॉर्नला हात न लावणारे आमचे हे खिडकीतून इंदौरी ढंगात ओरडत होते, "भिया, जाने दो, इमरजेंसी है!" आणि लोक खरंच बाजूला होत होते!

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. लगेच इंजेक्शन, मग सलाइन.

"मी तर बाळासाठी..." हे पुटपुटले.

"बच्चा भी वही हाथ मुँह में डालता, साहब," डॉक्टर म्हणाले.

दुपार उलटली आणि तिने मान उचलली. शेपटी टेबलावर आपटली, पुन्हा आपटली! ह्यांनी चक्क कंपाउंडरला मिठी मारली.

रात्री तिला तिथेच ठेवून घेतलं. घरी येऊन आम्ही लॉनभोवती दोरी बांधली, चपला फाटकाशीच काढल्या, सगळ्या फरश्या साबणाच्या पाण्याने पुसल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून उरलेलं औषध नालीत न ओतता कुलपात ठेवलं.

सकाळी ती घरी आली, दुपारी लेक आणि नातू. गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. बाळाला खाली ठेवायचा अवकाश, तो सुटलाच! मागून सलाइनची पट्टी बांधलेल्या पायाने लंगडत कुत्री, आणि तिच्या मागे गुडघ्यांवर आमचे हे. लेक हसून हसून खाली बसली. मी व्हिडिओ काढायला गेले, पण हसण्याच्या नादात मोबाइल वर वळला आणि त्यात नुसतं आभाळच आलं.