बारावी सायन्सची कायनेटिक थिअरी

फिजिक्सच्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. वायूंची कायनेटिक थिअरी हा एक धडा दरवर्षी शिकवला की पुरे! कडेगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी पंधरा वर्षं तो शिकवतेय, आणि डोकं धरून बसायची वेळ एकही वर्ष चुकलेली नाही.

*

"आयडियल गॅस जगात कुठंच सापडत नाही," असं मी वर्गात बोलून बसले. चाचणीनंतर एका मुलीचे वडील, रिटायर्ड सुभेदार, पेपर घेऊन ताठ उभे!

"मॅडम, जी चीज दुनियेतच न्हाई, तिच्यापायी माझ्या पोरीचे चार मार्क कसे कापले?"

*

वायूचे रेणू सारखे एकमेकांवर आदळतात, तरी एकूण ऊर्जा कमी होत नाही, हे मी तीन तास घसा फोडून सांगितलं. मग विचारलं, "काय समजलं?"

मागच्या बाकावरचा वडूजचा एकजण उठला. "रेणू आमच्या भावकीपेक्षा बरं, मॅडम. रोज टक्कर, पर नुकसान कुणाचंच न्हाई!"

पेपरातही त्यानं हेच लिहिलं.

*

तांब्याची विशिष्ट उष्णता काढायचं प्रॅक्टिकल. एरवी एकाचंही उत्तर जुळत नाही. यंदा वीसच्या वीस जणांचं पुस्तकाशी तंतोतंत! लॅब सांभाळणाऱ्या तात्यांना मी भारावून म्हटलं, "बघा तात्या, पोरं सुधारली!"

"व्हय. पर आवं मॅडम, थर्मामीटरची पेटी परवाच पडली. एक बी शाबूत न्हाई."

*

ऑक्सिजनची उष्णता धारकता शिकवत होते. "दोन अणूंची जोडी स्प्रिंगसारखी थरथरते. पण नेहमीच्या तापमानाला ती थरथर हिशेबात धरायची नाही."

"का?" पहिल्या बाकावरच्या सुवर्णानं विचारलं.

"धरली तर उत्तर प्रयोगाशी जुळत नाही."

"म्हंजे थिअरी चुकली?"

"परीक्षेला येत नाही. बस खाली!"

ती बसली. मला मात्र चैन पडेना. जुनी पुस्तकं काढून आठवडाभर वाचली आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हटलं, "तू बरोबर होतीस. जुनी थिअरी इथं तोकडी पडली, शास्त्रज्ञांना नव्यानं विचार करावा लागला. ऊर्जा ठरावीक हप्त्यांनीच घेता येते. थरथर सुरू व्हायला लागणारा हप्ता मोठा असतो, साध्या उन्हाळ्यात तो भागत नाही."

सुवर्णानं सगळं वहीत उतरवून घेतलं. वही मिटली.

"मग मॅडम, त्या दिवशी हे का न्हाई सांगितलं?"

"अगं, मलाही कॉलेजात 'धरायची नाही' एवढंच सांगितलं होतं."

"आणि तुमी विचारलं न्हाई?"