विहीणबाईंचं हिरवं लॉकेट

रिटायर झालेल्या माणसाने सकाळी फिरायला जावं. मी पक्कड आणि तांब्याची तार आणली. दगडाला तार गुंडाळून लॉकेट करायचं, हा माझा नवा छंद. कात्रपच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पहिली सहा लॉकेटं कौतुकाने नेली. गळ्यात मात्र अजून एकीच्याही दिसलेली नाहीत.

मुलीचं लग्न ठरलं. बुवापाड्याहून विहीणबाई आल्या, तेव्हा मी त्यांच्यापुढे जेडचं हिरवंगार लॉकेट धरलं आणि सुटलोच. मोगलांच्या खंजिरांना जेडच्या मुठी असत, तो दगड मध्य आशियातून येई, आणि हा माझा तर थेट ब्रह्मदेशचा!

"मग साखरपुड्याला हेच घालते," त्या म्हणाल्या. "साडीपण हिरवीच आहे."

साखळी लावून देतो म्हणून मी ते ठेवून घेतलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पाहतो तर तार काळवंडलेली. आमच्या घरात तांबं काळं पडलं की चिंच-मीठ. लॉकेट चिंचेच्या कोळात बुडवलं आणि चहा प्यायला बसलो. परत आलो तर वाटीतलं पाणी हिरवं आणि तारेत एक मळकट पांढरा खडा.

बायको डोकावली. "अहो, ब्रह्मदेश विरघळला की!" मग तिचा आवाज बदलला. "सासूला असला दगड दिलात, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

रिक्षा करून उल्हासनगर गाठलं. सिंधी दगडवाल्याने खडा पाहून कपाळावर हात मारला. "साईं, बोला था ना, पानी मत दिखाना! कलर किया हुआ माल है."

बोलला होता खरा. पण दुकानदार काहीतरी बोलतातच, असं मी धरून चाललो होतो.

त्याने दुसरा हिरवा दगड काढून स्वतःच्याच पाण्याच्या ग्लासात टाकला. पाणी पाणीच राहिलं. "इसको सब इंडियन जेड बोलते हैं. है क्वार्ट्ज, साउथ का. लेकिन रंग खुद का है."

घरी येऊन तो तारेत बसवला. बायकोने बजावलं, "आता तोंड उघडू नका."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये विहीणबाई लॉकेट घालून प्रत्येकीला सांगत होत्या, "ब्रह्मदेशचं आहे हो!" चौथ्या बाईपर्यंत मी कळ काढली. मग त्यांना बाजूला घेऊन चिंचेसकट सगळं ओकलो.

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे ते मोगल-बिगल सगळं थापा?"

"मोगल खरे, विहीणबाई. माझा दगड खोटा होता. आता दगड खरा आहे, फक्त जेड नाही."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही बोललातच म्हणून सांगते. आमच्या मुलाला सगळा स्वयंपाक येतो म्हणाले होते ना मी? चहा येतो. तोही गरम पाण्यात तयार पुडी ओतून."

आणि लॉकेट छातीवर नीट मधोमध करून त्या फोटोला सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.